चुडो न काढता

चिपळूणहून निघताना आमच्या ह्यांनी विचारलं, "ब्लडप्रेशर मोजायला इतक्या लांब कशाला? इथे चिपळुणात माणसांना प्रेशर नाही?"

"आहे की. सगळ्यात जास्त तुम्हाला आहे, आणि ते माझ्यामुळे," म्हटलं आणि बॅग उचलली.

मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. छत्रपती संभाजीनगरची माझी मैत्रीण सुनंदा तिकडच्या कॉलेजात हेच काम करते. बंजारा तांड्यांवरच्या बायका दर हंगामात ऊसतोडीला परमुलखात जातात, अंग मोडेपर्यंत राबतात, पण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. असं का, याचा ती अभ्यास करत होती. दिवाळी सरली की ट्रक येणार आणि तांडे रिकामे होणार. त्याआधी मदतीला ये, असा तिचा फोन आला. मला कुणी "ये" म्हटलं की मी जातेच. नको म्हटलं तर आधी जाते.

पुण्याला गाडी बदलून सकाळी संभाजीनगरच्या स्टँडवर उतरले, तेव्हा मान आखडली होती. सुनंदा स्कूटी घेऊन उभी. "ताई, बॅग पुढं ठेवा अन् मला घट्ट धरा," म्हणाली, आणि मुकुंदवाडीपर्यंत जी काही तिनं स्कूटी हाणली, मी डोळे मिटून रामरक्षा म्हटली. घरी गरम भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळी-धान्याचं मसालेदार पीठ) घातलेली आमटी तयार होती. खोबऱ्याची सवय असलेली माझी जीभ पहिल्याच घासाला भाजली. डोळ्यांतून पाणी. सुनंदानं गुळाचा खडा पुढं केला आणि म्हणाली, "हे तर आम्ही लेकराला देतो."

दुसऱ्या दिवशी सिल्लोड रस्त्यानं निघालो. काळी-पिवळी जीप, आत माणसं, टपावर कापसाची गाठोडी. रस्त्याच्या कडेला लोकांनी मका वाळत घातला होता, त्यामुळे निम्मा रस्ता पिवळा आणि उरलेल्या निम्म्यात दोन्हीकडची वाहनं. आमच्या कोकणात आंबोशी वाळवायलासुद्धा ऊन शोधावं लागतं, इथे ऊन माणसाला शोधत येतं. फाट्यावर उतरून चालत निघालो. काळी माती, वेचणीला आलेला कापूस, मागे बोडका डोंगर. डोंगराच्या पायथ्याशी तांडा.

तांड्यावरच्या पहिल्याच घरी गमलीबाई भेटली. साठीच्या आसपासची, उंच, काटक. अंगावर आरशांची कांचळी (चोळी), घेरदार फेटिया (घागरा). मनगटापासून कोपरापर्यंत बलिया, म्हणजे साध्या बांगड्या, आणि कोपराच्या वर दोन्ही दंडांवर चुडो. चुडो म्हणजे रुंद पांढऱ्या बांगड्यांची रांग. पूर्वी हस्तिदंती असत, आता प्लास्टिकच्या. तांड्यात आता म्हाताऱ्या बायकाच चुडो घालतात. तिनं डोकं फडक्यानं करकचून आवळलं होतं.

"माथो दूखछ," (डोकं दुखतंय) ती म्हणाली. मग माझ्यासाठी मराठीत सांगितलं, की दोन हंगाम झाले, सकाळी उठलं की डोकं ठणकतं, कधी डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तिची थोरली बहीण अशीच डोकं दुखतं म्हणत होती. ती उसाच्या फडात चक्कर येऊन पडली, ती उठलीच नाही. आता गमलीबाईचा मुलगा आणि सून तोडीला जाणार होते. नातीला सांभाळायला आणि भाकऱ्या भाजायला ही, आणि मोळ्या बांधायला नवरा हरसिंग, असं सगळं बिऱ्हाड ट्रकमध्ये चढणार होतं. ट्रक दोन दिवसांत येणार होता.

मला काळजीच वाटली. मी लगेच पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. पट्टा दंडावर बांधायचा, आणि दंडावर तर चुडो. मी आपली सवयीनं म्हणाले, "मावशी, एवढं काढा, एका मिनिटाचं काम आहे. लगेच घाला परत."

गमलीबाई माझ्याकडे बघतच राहिली. ओट्यावर बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. हरसिंग बाहेर बाजेवर दोर वळत होता, त्याचा हात थांबला. मग गमलीबाई उठली, घरात गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्यानंतर तांड्यातलं एकही दार आम्हाला उघडलं नाही.

परतीच्या जीपमध्ये सुनंदा म्हणाली, "ताई, चुडो नवरा मेल्यावर उतरवतात. त्याच्याआधी नाय."

"मग आधी सांगायचंस ना बयो."

"सांगणारच होते, तुम्ही थांबल्या कुठं? अन् आणखी एक हाय. तुमचे हात रिकामे. त्यांना वाटलं, तुम्ही विधवा. अन् एक विधवा सवाष्णीला म्हणते, काढ."

मी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या पेशात कोपराखाली काही घालायचं नाही, हा नियम. बांगडीखाली जंतू साठतात, असं मीच वर्षानुवर्षं घोकून घेते मुलींकडून. तिकडे चिपळुणात आमचे हे जिवंत, पेपर वाचत, आणि इथे मी त्यांना मारून बसले. हसावं की रडावं कळेना. पण राग माझाच मला आला होता.

"गाडी बाजारात थांबवायला सांग," मी म्हणाले. "डझनभर बांगड्या घेते, उद्या मनगटं भरून जाते. बघू कशी दार लावते."

सुनंदा शांतपणे म्हणाली, "ताई, मी विधवा हाय. तुम्हाला ठाऊकच हाय. मला त्या चहा पाजतात, लेकरू मांडीवर देतात. हात माझेही रिकामेच. पण मी कुणाला काढ म्हणलं नाय."

मी बांगड्या घेतल्या नाहीत. तिच्या शेजारी बसून मी हे बोलले याची लाज वाटली, आणि तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "असू द्या. उद्याचं बोला."

उद्याचं माझं ठरलं होतं. बाईचं प्रेशर मोजल्याशिवाय मी तांड्यावरून हलणार नव्हते. कसं मोजणार, ते मात्र ठाऊक नव्हतं. मांडीवर पट्टा बांधता येतो, पण फेटिया वर करा म्हणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सकाळी आम्ही थेट हरसिंगपुढे गेलो. मी त्याला हात जोडले. "दादा, काल माझं चुकलं. मला तुमची रीत ठाऊक नव्हती. तुम्ही शंभर वर्षं जगा." त्यानं बाज सरकवून बसायला जागा केली. आत गमलीबाई बाटी (भाकरी) थापायला बसत होती. आम्हाला पाहून तिनं मान फिरवली, पण दार लावलं नाही. मी उंबऱ्यापाशी बसून राहिले.

पीठ मळायच्या आधी तिनं एकेक करून मनगटावरच्या बलिया उतरवल्या आणि शेजारच्या परातीत ठेवल्या. कोपरापासून खाली हात मोकळा झाला. चुडो वर जिथल्या तिथे.

"मावशी, या काढलेल्या चालतात?" मी विचारलं.

"या तर दागिने," ती पिठाकडे बघत म्हणाली. "चुडो याचा." तिनं हनुवटीनं बाहेर नवऱ्याकडे खूण केली.

मी मनात म्हटलं, बाई गं, तू शिक्षिका की दगड. पट्टा कोपराखालीही बांधता येतो, आणि मनगटाच्या नाडीवर ऐकता येतं. पुस्तकात आहे, मी शिकवतेही, परीक्षेपुरतं. "मावशी, चुड्याला बोट लावत नाही. भाकरी झाली की हात असाच द्या, पिठाचा असला तरी चालेल."

तिनं सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा म्हणाली, "व्हय, मावशी. मी हाय ना."

शेवटची भाकरी तव्यावरून उतरली. मी तिला भिंतीला टेकून बसवलं, मांडीवर उशी ठेवून हात छातीच्या उंचीवर घेतला. पट्टा बांधला. पारा चढवला आणि उतरवत नाडीचा आवाज ऐकू लागले. दोनशेच्या वरच आवाज सुरू झाला, जो एकशेवीस-तीसला व्हायला हवा. मला वाटलं, माझं चुकतंय. थोडं थांबून पुन्हा मोजलं. मग सुनंदानं मोजलं. तिलाही तेवढंच आलं.

"मावशी, आजच दवाखाना," मी म्हणाले. "उद्या ट्रकमध्ये चढायचं नाही. बहिणीला जे झालं, ते तुम्हाला होऊ शकतं."

गमलीबाई सावकाश एकेक बलिया हातात चढवू लागली. "होऊ दे," ती म्हणाली. "चुड्यासकट गेले तर सोनं झालं. माझी बहीण अहेव गेली. तांडा म्हणला, भाग्याची."

अहेव मरणाची हौस आमच्या आजीलाही होती.

तेवढ्यात हरसिंग दारात आला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "सोनं तुझं होईल," तो म्हणाला. "मागं राहील कोण? मी. माझ्या जिवासाठी हात जड करून बसली जलमभर, अन् आता मला टाकून जाती. ऊठ. ट्रक जाऊ दे."

तिनं डोळ्यांना ओढणी लावली आणि म्हणाली, "नातीला कोण बघंल?"

"मी बघतो. तिची शाळा तरी बुडायची नाय."

फाट्यावर जीप मिळेना. शेवटी कापूस नेणाऱ्या टेम्पोत गाठोड्यांवर गमलीबाईला निजवलं आणि शहर गाठलं. दवाखान्यात तिला खाटेवर घेतलं, एका सिस्टरनं तिला पाहिलं आणि माझंच कालचं वाक्य माझ्या कानावर पडलं. "मावशी, हे आधी काढा."

गमलीबाई खाटेवरून खाली उतरायला लागली.

"काढायचं नाही," मी मध्ये उभी राहिले. "खालच्या बलिया त्या काढतील, पट्टा कोपराखाली बांधा."

"मॅडम, असं नसतं करत."

"असतं. मी शिकवते. आणि सलाईनची सुई मनगटाजवळ लावा, तिथे जागा आहे." आवाज चढला होता माझा, मान्य आहे. तरुण डॉक्टर पुढं आले, त्यांनी कोपराखाली पट्टा बांधला, मोजलं, आणि लगेच औषध सुरू करायला सांगितलं. गमलीबाई सगळा वेळ एका हातानं दुसऱ्या दंडावरचा चुडो धरून पडली होती. कुणी हात लावत नाही याची खात्री झाल्यावर तिला झोप लागली.

तिसऱ्या दिवशी प्रेशर बरंच उतरलं. मुलगा-सून ट्रकमध्ये गेले होते. हरसिंग नातीला घेऊन आला, फडक्यात भाकरी बांधून. गमलीबाईनं ती हातात धरली, उलटसुलट केली आणि म्हणाली, "ही बाटी हाय का ढेकूळ?" पण खाल्ली. गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर घ्यायची, हे तिला पटलंय का ते अजून नक्की नाही. सुनंदा दर आठवड्याला जाणार आहे, आणि सुनंदा सोडणाऱ्यातली नाही.

मी परत आले. ह्यांनी विचारलं, "मग, मिळालं का प्रेशर?" म्हटलं, "मिळालं. तुम्ही आधी जेवा." हे जेवत असताना मी त्यांच्याकडे जरा जास्तच बघत होते बहुतेक, कारण त्यांनी विचारलं, मिशीला काही लागलंय का.

परवा वर्गात मुलींना विचारलं, "दंडावर चुडो असेल तर काय कराल?" एक हुशार मुलगी उठली. "काढा म्हणू, मॅडम."

"आणि नाही काढला तर?"

"तर लिहू, 'रुग्णाने तपासणीस नकार दिला.'"

"तिनं नवऱ्याच्या मरणाला नकार दिला," मी म्हणाले. "तपासणीचं तिला अजून कुणी विचारलेलंच नाही." मग मी पट्टे वाटले आणि म्हटलं, आता बांधा एकमेकींना, कोपराखाली.