दर्यातल्या सात जणांचं मतदान

"बाई, तुमची माणसं बुडत नाहीत. काल सकाळी त्यांनी मतदान केलंय." तहसीलदार साहेबांनी फाइल माझ्याकडे वळवली.

फाइलमधल्या कागदावर सात नावं होती. सातही एकाच बोटीवरची. त्या बोटीचा तांडेल इनास तासाभरापूर्वीच माझ्याशी वायरलेसवर बोलला होता. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. तो म्हणाला होता, "फिलूबाय, शाफ्ट तुटला. पानी आत येतंय, उपसून भागत नाय. मशीन बंद हाय, बॅटरी उतरतेय. कुनाला तरी धाड." मग नुसती खरखर.

माझ्या शेजारी इनासची बायको मोनिका उभी होती. ती म्हणाली, "साहेब, माझा नवरा पाच दिवस घरी नाय. मत काय भुतानं टाकला?"

"इथे लिहून दिलंय. बोट काल पहाटे परत आली, माणसं किनाऱ्यावर आहेत. उद्या मोजणी आहे आणि आज तुम्ही येऊन सांगता की ती समुद्रात आहेत. मला सगळं कळतं."

हे नव्वदीच्या शेवटी झालं. मी तेव्हा पाचूबंदरला मच्छीमार सोसायटीचा वायरलेस सेट सांभाळायची. शिक्षण चौथी. आधी जेट्टीवर बर्फ विकायची. सोसायटीत सेट आला तेव्हा शिकलेली मुलं म्हणाली, दिवसभर कोण बसणार? मी बसले. काम सोपं आहे. हातातल्या माइकला एक बटण असतं. ते दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. बटण दाबलेलं असेल तोवर खोलीतलं सगळं बाहेर जातं. फोनसारखं एकाला नाही, त्या चॅनेलवर जो असेल त्या प्रत्येकाला. संकटाचा चॅनेल सोळा नंबरचा. इनासचा निरोप आल्यापासून आमच्या सगळ्या बोटी सोळावर कान लावून होत्या आणि शोधतही होत्या. पण इनास फार लांब होता, वाऱ्याने आणखी लांब चालला होता. तिथवर लवकर पोचेल असं एकच, हेलिकॉप्टर. ते सरकारी निरोपाशिवाय उडत नाही. निरोप द्यायचा या साहेबांनी.

आणि आमच्या शाळेतलं मतदान केंद्र आदल्या दिवशी याच साहेबांच्या हाताखाली होतं.

झालं होतं ते असं. आमचा नगरसेवक सत्तेतल्या पक्षाचा. पुन्हा उभा होता. आम्ही त्याला शेठ म्हणायचो. त्याच्या पोरांनी बरोबर दर्यात गेलेल्यांची नावं निवडली, कारण ती माणसं मत द्यायला येणारच नव्हती. त्यांच्या नावावर दुसरेच आत गेले. समोरच्या पक्षाच्या माणसाने केंद्रात हरकत घेतली, "हे सातही जण मासेमारीला गेलेत." तर शेठने स्वतःच्या सहीने सरळ लिहून दिलं की बोट परत आली. साहेबांनी ते मानलं. माझं ऑफिस शाळेच्या मागच्या भिंतीला लागून. कोणती बोट कधी गेली आणि कधी आली हे माझ्या वहीत रोजचं. विचारायला कोणी आलं नाही.

आता साहेब अडकले होते. माणसं बुडतायत म्हटलं तर मतं खोटी, आणि मतं खोटी तर साहेबांची नोकरी गोत्यात.

मी म्हटलं, "लिहून देनाऱ्यानेच खोटा म्हनून लिहून दिला, तर?"

"तर बघू," साहेब म्हणाले.

मी मोनिकाला ओढतच रिक्षात घातलं.

शेठच्या दारात मांडव घालणं चालू होतं. निकाल लागायचा होता, पण गुलालाची पोती आली होती. शेठ मूळचा आमच्यातला नव्हे. चाळी बांधून मोठा झालेला. दर्याशी त्याचा संबंध म्हणजे पापलेट. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खरंच निरोप आला? की कोणी शिकवलं तुला?"

"चल ना, सेटवर बस. स्वतः ऐक."

तो आला. बरोबर दोन माणसं घेऊन आला. मी खुर्ची दिली आणि माइक हातात घेऊन बटण दाबलं. "इनास, इनास, पाचूबंदर बोलतेय, ओव्हर." मग अंगठा काढायला हवा होता. नाही काढला. मुद्दाम नाही काढला. माइक मांडीवर ठेवला आणि विचारलं, "शेठ, ही माणसं दर्यात हायत हे तुला ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे गं. पण एक दिवस थांब. उद्या मोजणी होऊ दे, मी स्वतः मुंबईला फोन करतो. आज लिहून दिलं तर सात मतं नाही, अख्ख्या केंद्रावर बोंब होईल."

"ती मतां कोनी टाकली?"

"पोरांनी टाकली. सगळेच टाकतात. आम्ही काय एकटे आहोत?"

मोनिका किंचाळली, "उद्यापर्यंत तो पोहत राहील काय रे?"

"तीन तास गेलेच आहेत ना, अजून थोडे..." शेठ म्हणाला.

मी अंगठा उचलला.

थोडा वेळ खरखर. मग एक आवाज आला, "शेठ, आमी ऐकला. ओव्हर."

शेठ खुर्चीतून उठलाच. "हे कोण?"

दुसरा आवाज, "अर्नाळ्याने पन ऐकला. ओव्हर." मग तिसरा, मग चौथा. एकाने विचारलं, "आमची पन मतां टाकलीस काय रं? कोनाला दिलीस ते तरी सांग!" एक जण हसला, दुसऱ्याने त्याला शिवी घातली आणि म्हणाला, "लाइन मोकळी ठेवा, इनासची हाक येईल."

मी शेठसमोर कागद ठेवला. "लिही."

त्याने लिहिलं. मी हळू वाचते, पण नीट वाचते. त्यात होतं, 'गैरसमजातून असे लिहून देण्यात आले.'

"गैरसमज कोनाचा?" मी विचारलं. "तुला आताच ठाऊक होता म्हनालास."

"शब्दाला काय धरून बसलीस? वेळ जातोय."

"तुझ्यामुळे जातोय. खोटा लिहिला असा लिही. मतां त्या सात जनांनी टाकली नाय असा पन लिही. आनि खाली सही, पुरी."

त्याने दुसरा कागद घेतला. त्याच्या बरोबरच्या एकाने "शेठ, नको" म्हटलं. शेठ त्याच्यावर खेकसला, "बाहेर चाळीस बोटी ऐकतायत, तू काय नको म्हणतोस!" आणि सही केली.

साहेबांनी कागद वाचला. मग फोन उचलला. हेलिकॉप्टर पाठवल्याचं कळलं तेव्हा आम्ही त्यांच्या ऑफिसच्या पायरीवरच होतो. मोनिका त्या पायरीवर गुडघे टेकून बसली. मी सेटकडे परतले.

ऊन उतरायच्या आत बोट सापडली. ती उलटली होती. माणसं प्लॅस्टिकच्या पिंपांना धरून होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. पेटीतून कोणतं मत कोणाचं हे कळत नाही, म्हणून ती सात मतंही मोजली. शेठ जिंकला. मुंबईहून पक्षाचा मोठा माणूस आला, म्हणाला, कार्यकर्त्यांचा अतिउत्साह, पक्षाचा संबंध नाही. समोरच्या पक्षाच्या उमेदवाराने तो कागद घेऊन कोर्ट गाठलं. मला साक्षीला बोलावलं. शेठच्या वकिलाने विचारलं, "शिक्षण किती?" म्हटलं, चौथी. "मग कागद वाचता आला?"

"आला म्हनून तर दोनदा लिहून घेतला."

निकाल लागला, शेठची जागा गेली. तोवर त्याची निम्म्याहून जास्त मुदत भोगून झाली होती. पक्षाने त्याला तेव्हा काढलं, आधी नाही. साहेबांची बदली झाली, तीही बढतीवर. मी यातून एवढंच शिकले की सत्तेतला माणूस चूक कबूल करत नसतो. ती त्याच्या हाताने लिहून घ्यावी लागते आणि लिहिलेलं पुन्हा वाचावं लागतं.

साहेबांच्या टेबलापासून शेठच्या सहीपर्यंत अडीच तास गेले. इनासने मला नंतर सांगितलं की त्याच्या भावाने, जुजेने, हेलिकॉप्टर यायच्या थोडंच आधी पिंपावरचा हात सोडला. नारायण त्याच्याही आधी गेला होता.

इनास, पास्कू, बस्त्याव, गणपत आणि लादू हे पाच जण जिवंत आले.