तिने तोंड उघडलं तेव्हा

त्या दिवसांत माझ्याकडून देवीचं नावही धड घेतलं जात नव्हतं. भिवंडीच्या एका हॉस्पिटलात, लहान मुलांच्या आयसीयूमध्ये, माझी सहा वर्षांची लेक गार्गी व्हेंटिलेटरवर होती. न्यूमोनिया झाला होता. खारबावला आमच्या घरी पहिल्यापासून वज्रेश्वरीची भक्ती. पण डोळे मिटले की मला देवीच्या जागी ते मशीनच दिसायचं. मी बाकड्यावर बसायची, उठायची, काचेपाशी जायची, परत यायची. नवरा म्हणायचा, "जरा टेक ना गं एका जागी." टेकवतच नव्हतं.

ताप उतरला आणि पुन्हा चढला. डॉक्टर म्हणाले, तोंडातले जंतू घशात घातलेल्या नळीच्या कडेने फुप्फुसात उतरतात, तसंच झालेलं दिसतंय. तोंड स्वच्छ राहायला हवं. मला आत सोडलं तेव्हा पाहिलं, तर ओठ फुटलेले, जिभेवर पांढरा थर. नर्स झटत होत्या. पण गार्गी गुंगीतही दात असे आवळून धरायची की पुसायचा बोळा आत जाईना, आणि जोर करावा तर नळी निसटण्याची धास्ती. एका तरुण नर्सने माझ्यादेखत हात मागे घेतला. "भीती वाटते हो," म्हणाली. मला तिचा राग नाही आला. राग आला तो देवीचा. "आई, काहीतरी कर," एवढंच मी मनात म्हटलं, तेही भांडल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुखसाना सिस्टर आल्या. व्हेंटिलेटरवरच्या मुलांच्या तोंडाची निगा कशी राखायची, हे इथल्या नर्सना शिकवायला त्यांना बोलावलं होतं. गार्गीच्या खाटेभोवती सगळ्यांना घेऊन त्या सांगत होत्या, "एकटीने नाही करायचं. एकीने नळी सांभाळायची, दुसरीने साफ करायचं. तोंडातलं पाणी ओढून घेणारं सक्शन चालू ठेवा, ते आत उतरायला नको." मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळल्या.

"ताई, आत या ना. सकाळी दात घासताना हिला काय म्हणता तुम्ही?"

मला हसू आलं आणि रडूही. "म्हणते, आ कर, देवीला दात दाखव."

"मग तेच म्हणा. आमच्यापेक्षा तुमचा आवाज ओळखीचा आहे तिला."

मी वाकून म्हटलं. पुन्हा म्हटलं, आणि म्हणत राहिले. हळूच तिचा जबडा सैल झाला. मऊ, इवलासा ब्रश आत गेला. नळी धरलेल्या त्या तरुण नर्सच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात हलला नाही.

ताप लगेच गेला नाही. माझ्या येरझाऱ्याही थांबल्या नाहीत. पण आता प्रत्येक ड्युटीला दोघी जोडीने येत, मला हाक मारत, "चला काकू, देवीला बोलवा." पुढे ताप उतरला, नळी निघाली. औषधाने की आणखी कशाने, मी वाद घालत नाही. दात घासताना काय म्हणता, हा प्रश्न रुखसाना सिस्टरांना कुणी सुचवला, हे मात्र मी माझ्यापुरतं जाणते.

शरण जायचं तर मन शांत लागतं, असं मला वाटायचं. माझं एक दिवसही नव्हतं. तशाच धडधडत्या छातीने मी लेक दुसऱ्यांच्या हाती सोपवली, आणि देवीने तेवढंही गोड मानून घेतलं.

गार्गी बरी झाल्यावर आम्ही वज्रेश्वरीला गेलो. खूप बोलायचं ठरवलं होतं. उंबऱ्यावर डोकं टेकलं, तर एक शब्द आठवेना. तेवढ्यात पदर ओढला गेला. "आई, चल ना, भूक लागली."

मी उठले.