ससाण्याच्या नावाच्या गोष्टी

संग्रहालयाच्या पक्षीदालनात रखवालदार तीस वर्षं एकाच स्टुलावर बसत आला होता. समोर काचेच्या कपाटात भुसा भरलेला ससाणा. त्याची पाटी कधीच गळून पडली होती, म्हणून नावाचा अर्थ सांगायचं काम रखवालदारानं परस्पर स्वतःकडे घेतलं होतं. नव्या जोडप्यांना तो सांगे, सासूसारखी वरून नजर ठेवतो, म्हणून ससाणा. पोरांना सांगे, सहाणेवर चोच घासून धार लावतो, म्हणून. चेहरा असा गंभीर, की खुद्द ससाण्यालाही पटावं.

बायकोकडेही एक गोष्ट होती. लहानपणी ती वडिलांबरोबर शेळ्यांमागे जायची. ते म्हणायचे, ससा धरून खातो तो ससाणा. "हॅ, यात काही दम नाही," म्हणत रखवालदारानं ती कायम उडवून लावली.

एकदा दोन शाळांच्या सहली एकाच दिवशी आल्या. सकाळी एक अर्थ, दुपारी दुसरा. दोन्ही मास्तर भांडत नव्या अधिकारी बाईंकडे गेले आणि रखवालदाराला बोलावणं आलं.

"एका नावाचे दोन अर्थ?" बाईंनी विचारलं.

"दोनच?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"उद्या खरा अर्थ सांगायचा. नाहीतर परवापासून नाण्यांचं दालन."

नाण्यांकडे चिटपाखरू फिरकत नसे आणि बोलल्याशिवाय या गृहस्थाला घास गिळवत नसे. तो तडक ग्रंथालयात गेला, जाडजूड कोश उघडला. शश म्हणजे ससा. ससा खाणारा तो ससाणा. त्यानं कोश मिटला, परत उघडला. तेच होतं.

घरी बायको वाटाणे सोलत होती.

"तुझंच खरं निघालं," तो पुटपुटला.

"असं? मग उद्या येते मी तुमचा ससाणा बघायला."

दुसऱ्या दिवशी बाई दारात उभ्या, समोर वीसेक माणसं, आणि सगळ्यांत मागे ठेवणीतल्या चपला घालून बायको.

"अहो रखवालदार, याला ससाणा का म्हणतात?" तिनं विचारलं.

त्यानं मुकाट्यानं खरं ते सांगितलं. बाईंनी मान डोलावली. स्टूल वाचलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मागून बायकोनं पुन्हा विचारलं.

"कोशात आहे."

"त्याच्या आधी?"

त्यानं ससाण्याकडे पाहिलं. तिकडून काही मदत आली नाही.

"बायकोनं."

"जरा मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."