ब्रदरचा टँकर

कुत्रं चावलेला माणूस दारात दिसला, की आमचे ब्रदर मनगटावरचं घड्याळ काढून नळाला अडकवायचे. "पंधरा मिनिटं साबण लावून धुवा. मी मोजून राह्यलो." जखमेवर तिखट चोपडून आलेल्याला आधी एक शेलकी शिवी मिळायची.

ग्रामीण रुग्णालयात मी केसपेपर लिहायचो, ते परिचारक म्हणून जखमा बघायचे. लस घेतल्यावर पुन्हा जखमेत दुसरं इंजेक्शन कशाला, हा प्रत्येकाचा सवाल. ब्रदर उलट विचारायचे, "तुमच्या इथं नळ कितव्या दिवशी येते?"

"आठव्या."

"लसीचंबी तसंच हाय. अंगात प्रतिपिंडं तयार व्हायले आठेक दिवस लागते. तोवर विषाणू थांबून राहीन का? म्हणून हा टँकर. तयार प्रतिपिंडं. अन् टँकर आपल्याच दारात रिकामा करा लागते, शेजारच्या गल्लीत नाही."

पूर्वी ही प्रतिपिंडं घोड्याच्या रक्तातून काढत. आता माणसाचीच निवडून प्रयोगशाळेत घडवतात. हे सांगताना ब्रदर असे खुलायचे, जणू घोड्याची सुटका यांनीच केली. लोक माझ्या खिडकीशी येऊन "टँकर आला का?" विचारू लागले.

एके दिवशी धामणगाव बढ्याकडचे एक पाटील आले. मोठी शेती, मोठा आवाज. पोटरीवरचा ओरखडा दाखवून म्हणाले, "इथं चावलं."

"बसा न, पाटील."

"उभाच बरा हाय."

ब्रदरनं ओरखडा निरखला. "हे पऱ्हाटीचं खरचटलं, तेबी जुनं. अन् तुम्ही बसून काऊन नाही राह्यले?"

पाटलांनी दाराकडं पाहिलं. बाहेर बाकांवर अर्धं गाव. ब्रदरनं पडदा ओढला आणि मला धरायला लावला. "औषध भलत्या जागी गेलं तर मरसान."

"त्या जागेवर पाटलानं सुई घ्यायची?"

मग ब्रदर हळूच बोलू लागले. लहानपणी एकच कुत्रं त्यांना आणि बहिणीला चावलं होतं. "मी बोंबललो, मले पोटात चौदा सुया दिल्या. तिले मांडीवर चावलं व्हतं. लाजेपायी तिनं सांगतलंच नाही."

पाटील मुकाट टेबलावर पालथे झाले. जरा वेळानं तसंच पडून विचारलं, "नाव काय व्हतं तिचं?"

"शबाना."

अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. त्यांना बहीण होती हे मला पडदा धरून उभा असताना कळलं. फार वाईट वाटलं.

ब्रदर मागच्या उन्हाळ्यात रिटायर होऊन बुलढाण्याला लेकाकडे गेले. पाटील ठणठणीत आहेत. गेल्या आठवड्यात कुत्रं चावलेल्या एका मुलीला आणि तिच्या आईला जीपमधून घेऊन आले. कुठं चावलं, असं नव्या सिस्टरनं विचारलं, तर मुलगी खाली बघू लागली.

"पहिले सगळ्या बाप्या माणसायले बाहेर काढा," पाटील म्हणाले, आणि सर्वांच्या आधी स्वतः बाहेर येऊन दाराकडे पाठ करून उभे राहिले.