स्लॅबच्या आधी

अंबडला आम्ही घर बांधायला काढलं आणि मिस्टरांची बदली नांदेडला झाली. ते रविवारी यायचे. बाकीचे दिवस मी शाळेत शिकवून थेट प्लॉटवर. सोबतीला सासरे, त्यांना मी मामा म्हणायचे. कोर्टात कारकुनी केलेला माणूस. कशानंतर काय, हे त्यांचं पक्कं ठरलेलं असायचं.

"आधी बोअर. पाणी लागलं तर घर, न्हाई तर प्लॉट विकू," असं ते म्हणाले होते. पाणी लागलं, पण इंजिनिअरनं जिथं बैठकीची खोली काढली होती नेमकं तिथंच. मंग नकाशा पुन्हा काढला, घर मागं सरकलं. पुढंही तेच. गवंडी चौकटींसाठी सुताराची वाट पाहायचा, सुतार लाकडाची, आणि दोघांचे निरोप पोचवत मी गावभर फिरायचे. घरी येऊन भाकरी थापताना हात उचलत नसे.

स्लॅबच्या दिवशी सकाळी सेंट्रिंग तयार होतं, सळया बांधलेल्या होत्या, मिक्सर आलेला, मजूर आलेले. आला नव्हता तो वायरमन. सळयांवर विजेचे पाइप टाकायचे, पंख्यांचे हुक अडकवायचे, मगच काँक्रीट. तो मंठ्याला त्याच्या गावी गेल्ता आणि तिकडंच राहिला होता.

"बाई, टाकून देऊ," गवंडी म्हणाला. "वायर नंतर भिंतीवरून पट्टीत फिरवता येते. एवढी माणसं उभी हायेत."

"आणि पंखे कुठं लटकवायचे?"

"ते पाहू मंग."

"नको. थांबवा."

त्यानं थापी पाटीत आदळली. "आज थांबलं तर मी दुसऱ्या कामावर जाऊन राह्यलो. परत बोलवू नका." मजूरही त्याच्यामागं निघून गेले. मी वाळूच्या ढिगावर बसले. आता मामा शाबासकी देतील असं वाटलं होतं. ते सळयांकडं बघत म्हणाले, "टाकून द्यायचा होता गं. आपल्याला असे किती दिवे लागतात?" त्यांचा आवाज इतका दमलेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं नाही. नुसतं तिथंच आडवं व्हावंसं वाटलं.

आठवडा उलटून गेल्यावर वायरमन आला. त्याला काय काय सुनावायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं. सायकल लावून त्यानं टोपी काढली. डोकं भादरलेलं होतं.

"वडील गेले," तो म्हणाला. "तेरावं राह्यलंय अजून. तुमचा स्लॅब अडला असंल म्हणून आलो. पण सुतक हाय मला. नव्या घराला चालंल का?"

मी मामांकडं पाहिलं. आमच्याकडं या गोष्टी फार पाळतात. मामा म्हणाले, "तुला चालत असंल तर आम्हाला बिलकुल चालतंय. पहिले बस, चहा घे."

त्यानं दुपारभर पाइप टाकले. मामा सळयांवर तोल सांभाळत त्याला हुक देत राहिले.

संध्याकाळी मी गवंड्याच्या घरी गेले. तो बाजेवर बसून होता, उठला नाही. मी वायरमनचं सांगितलं. "आधी सांगायचं ना बाई," तो म्हणाला. मलाच कुठं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तो माणसं घेऊन आला आणि स्लॅब पडला.

त्यानंतर क्रम मी सोडूनच दिला. फरशी आधी बसली, नळवाला मागून आला आणि त्यानं ती फोडली. गिलावा अर्धा असतानाच आम्ही राहायला गेलो. वास्तुशांतीला बायका घर बघत खोल्याखोल्यांतून फिरत होत्या, कोणी छान म्हणत होतं, आणि मी माजघरात भिंतीला टेकून बसल्या जागी झोपून गेले. मामांनी मला कोणाला उठवू दिलं नाही.