शारदाअक्कांचं ‘कष्ट’

शारदाअक्का फाटकाची कडी आतून धरून उभ्या राहायच्या आणि बाहेरच्या माणसाला विचारायच्या, “कशाला आलासा?” मग तो पोस्टमन असो, पाहुणा असो, नाहीतर वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. तो भाडेकरू म्हणजे आम्ही. मी दुधाची पिशवी घेऊन परतलो तरी हा प्रश्न ठरलेला. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “राहायला.” त्या म्हणाल्या, “ते दिसतंय. किती दिवस?”

अक्का निपाणीकडच्या. लग्न होऊन बंगळुरात आल्या, नवऱ्यानं जे. पी. नगरात घर बांधलं आणि तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. घरमालकीण मराठी आहे, एवढं ऐकून माझ्या मुलानं ती जागा घेतली. त्याच मराठीवरून माझं आणि त्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी करतो’ असं पुरुषासारखं बोलतात, आणि अक्कांच्या बोलण्यात वर कन्नडची भर. मी पुण्याचा. “अक्का, ‘जाते’ म्हणावं,” असं मी प्रत्येक वेळी सांगायचो. “सरी,” असं कन्नडात ‘बरं’ म्हणून त्या मान डोलवायच्या, “तुमी जाते म्हणा, मी जातो.”

भांडणं इतर गोष्टींवरूनही व्हायची. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या पापडांवर पडलं म्हणून त्यांनी कुंड्या उचलून रस्त्यावर ठेवल्या होत्या. माझ्यासमोर त्या मला ‘पुणेवाले’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते नात मृण्मयी येऊन सांगायची आणि पोट धरून हसायची.

मृण्मयी त्यांच्या स्वयंपाकघरातच वाढली. मुलगा आणि सून ऑफिसात, मी दुपारी झोपलेला. शाळेतून ती थेट अक्कांकडे जायची. तिथून वर येताना जिन्यातून ओरडायची, “येतो, अक्का!” मी वरून ओरडायचो, “येते!”

कॉलेजात गेल्यावर तिला एका सेमिस्टरसाठी जर्मनीत, लाइपझिगला जायला मिळालं. आम्ही पेढे वाटले. अक्कांनी पेढा हातात घेतला आणि म्हणाल्या, “ऐन थंडीच्या तोंडावर पाठवताय? पोरगी की लोणचं, बंद करून ठेवायला?” निघताना मृण्मयी पाया पडली तेव्हा तिचा कान धरून म्हणाल्या, “उपाशी राहिलीस तर तिथं येऊन मारीन.”

आमच्या नातेवाइकांत आजही सांगितलं जातं की पोरीची अवस्था त्या घरमालकिणीला ठाऊक होती, तरी तिनं ती लपवली. ते खोटं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मृण्मयी आम्हाला ‘सगळं छान’ असं कळवायची. खरं काय ते अक्कांना फोनवर सांगायची. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी अक्कांनी मला फाटकात अडवलं.

“ओ पुणेवाले, पोरीचं तिथं लई कष्ट आहे.”

“असू देत की,” मी म्हणालो. “या वयात नाही करायचे तर कधी?”

त्यांनी फाटकाची कडी खडखडवली. “कष्ट आहे म्हणतोय मी. ऐकू आलं काय?”

“आलं. ‘म्हणतेय’ म्हणा.”

त्यांनी फाटक आपटलं आणि आत निघून गेल्या.

रात्री जेवताना मी कौतुकानं सांगितलं की अक्कासुद्धा म्हणतात, पोर फार मेहनत करते आहे. सगळे खूश झाले. मी लगेच मृण्मयीला निरोप पाठवला: ‘अक्कांकडून समजलं, तुझे तिथे फार कष्ट आहेत. शाब्बास! असंच चालू दे.’

त्यानंतर तिनं अक्कांचाही फोन घेणं बंद केलं.

अक्का आमचा जिना चढून कधी आल्या नव्हत्या. त्या आठवड्यात आल्या, दारावर हात आपटत. “फोन लावा. तिला नको, तिच्या शेजारच्या खोलीतल्या पोरीला लावा. आत्ता!” सुनेनं लावला. मृण्मयी कित्येक दिवस खोलीबाहेर पडली नव्हती. वर्गात जात नव्हती, नीट खात नव्हती, दिवा लावत नव्हती. सेमिस्टर अर्धवट टाकून मुलानं तिला परत आणायचं ठरवलं.

ती यायच्या दिवशी मी मल्लेश्वरमला जायला एक रिक्षा थांबवली. चालकानं पुढच्या तुंबलेल्या रस्त्याकडे पाहिलं आणि मान हलवली, “कष्ट, सार. तुंबा कष्ट.” तो काही मेहनत करत नव्हता. फार अवघड आहे, निभणार नाही, एवढंच सांगत होता. कन्नडमध्ये कष्ट म्हणजे तेच. अक्कांच्या स्वयंपाकघरात वाढलेल्या पोरीनं माझा निरोप तसाच वाचला असणार: तुझे हाल समजले, शाब्बास, असंच चालू दे.

संध्याकाळी वाळून गेलेली मृण्मयी आत झोपली होती आणि माझा मुलगा अक्कांच्या ओसरीवर ओरडत होता. “तुम्हाला सगळं माहीत होतं! आम्हाला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं होतं.”

“कुणाला?”

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून पुरेसा वेळ त्या थांबल्या. मी पायातल्या चपला बघत होतो.

“भिंतीला,” त्या म्हणाल्या.

महिन्याभरात आम्ही इंदिरानगरला बिऱ्हाड हलवलं. आम्ही जिन्यावरून सामान खाली नेत असताना अक्का फाटकाची कडी धरून उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला काहीच विचारलं नाही.

मृण्मयी सावरली, शिकली, नोकरीला लागली. अक्कांकडे ती गुपचूप जात राहिली. यंदा अक्का गेल्या. त्यांचे दिवस करून ती परत आली तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि फाटकातलं ते बोलणं, ती रिक्षा, माझ्या चपला, सगळं सांगून टाकलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “तुमचा तो मेसेज मी परत आल्यावरच अक्कांना दाखवला होता. वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला त्यांनी. मी म्हटलं, बाबांना सांगते. तर म्हणाल्या, ‘गप बस. म्हाताऱ्याला मराठी कळत नाही, हे चारचौघांत कसं सांगायचं? पुण्याचा माणूस हाय, मरून जाईल.’”

मला हसू आलं. ती हसली नाही.

“मी वाट बघत होते, आजोबा. त्या जिवंत असताना तुम्ही सांगाल म्हणून.”

तिनं बॅग उचलली. घरातून निघताना ती अजूनही न चुकता “येतो” म्हणते. मी दारापर्यंत मागोमाग गेलो. ती काही न बोलता जिना उतरली, आणि खालचं फाटक लागेपर्यंत मी त्या चुकीच्या शब्दाची वाट बघत उभा राहिलो.