पुसून घ्या

“तुमच्या मशीनले याद हाये म्हनता ना, बाबू? मंग ते विसरन बी,” असं म्हणून ते कमरेची किल्ली चाचपून पाहत. रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या तळघरात रुग्णांचे जुने कागद सांभाळणं हे त्यांचं काम. ऐंशीच्या दशकात तिथं कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग पुण्याहून मी.

त्यांना समजावं म्हणून मी सांगायचो, यातही फाईल असते, हेही तुमच्यासारखंच कपाट आहे. ते पडद्यामागे वाकून बघत आणि विचारत, मग ही बांधायची दोरी कुठं आहे? मी हसायचो. खरं तर शब्द मीच त्यांच्या तळघरातून उचलले होते, दोरी तेवढी तिथं राहिली होती.

ज्याच्यावर उगाच संशय यावा असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जुने कागद रद्दीत काढायचा हुकूम निघाला, तरी त्यांचं एक कपाट कुलूपबंदच. हा काहीतरी लपवतोय, अशी माझी खात्री झाली. मी वर तसं लिहूनही दिलं.

त्याच आठवड्यात ते एक चिठ्ठी घेऊन आले. “बाबू, हा नंबर पुसून घ्या.”

मशीनमध्ये जागा कमी, त्यामुळे जुन्या नोंदी पुसायच्या चिठ्ठ्या रोजच येत. मी नोंद पुसली. ते उभेच.

“काय म्हनलं त्यानं?”

“कोणी?”

“मशीननं. पुसलं ना तुम्ही?”

इकडच्या बोलीत पुसणं म्हणजे विचारणं, हे मला तेव्हा कळलं. नंबर सावनेरच्या एका बाईचा होता. थोड्याच वेळात तिचं ऑपरेशन होतं. मागच्या खेपेला कुठलंसं इंजेक्शन बाधून ती मरता मरता वाचली होती. ते कुठलं, एवढंच डॉक्टरांना हवं होतं. आणि तीच नोंद मी मिटवून बसलो होतो.

खाली जाऊन त्यांनी ते कपाट उघडलं. आत जुन्या फायली, एकेक दोरीनं बांधलेली. बाईचा कागद निघाला, इंजेक्शनचं नाव लाल शाईत. बाई वाचली.

माझी चूक त्यांनी कुणालाही सांगितली नाही. मी तक्रार मागे घ्यायला धावलो, पण उशीर झाला होता. हुकूम मोडला म्हणून त्यांना घरी बसवलं आणि फायली रद्दीत गेल्या. मला त्याची आजही लाज वाटते.

जाताना त्यांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

“कपाट खाली झालं, बाबू. आता कोनाले पुसान?”

या वेळी शब्द मला बरोबर कळला.